मुंबईहून क्रूझ: कुठली बॅग कोणाच्या हाती द्यायची

विमानाला दिलेली बॅग मुक्कामाच्या गावी पट्ट्यावर भेटते. क्रूझला दिलेली बॅग त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या केबिनच्या दारात येऊन उभी राहते. ऐकायला सोयीचं वाटतं, आणि आहेही. पण दुपारी बाराला टर्मिनलच्या दारात सोडलेली बॅग पाच-सहाला, कधीकधी रात्रीच्या जेवणाची वेळ होता होता हाती येते. तेवढ्या वेळात जहाजावरचं पहिलं जेवण झालेलं असतं, पोरं पोहण्याच्या तलावाकडे पळालेली असतात आणि आईची दुपारची गोळी चुकलेली असते. गोळ्या कुठे? मोठ्या बॅगेत. बॅग कुठे? जहाजाच्या पोटात.

आमच्या सोसायटीतल्या आणि नात्यातल्या मंडळींच्या क्रूझची जमवाजमव बहुतेक वेळा माझ्याकडे येते. केबिन खिडकीची घ्यायची की बाल्कनीची यावर लोक महिनाभर खल करतात, सामानाचा विषय मात्र आदल्या रात्री निघतो, तोही “किती जोडी कपडे घेऊ?” एवढ्यापुरता. माझ्या मते घरातून केबिनपर्यंत बॅग कोणाकोणाच्या हातांतून जाणार हा त्याहून मोठा प्रश्न आहे. स्टेशनवरचा हमाल, टॅक्सीवाला, टर्मिनलवरचा लोडर, एक्स-रे मशीनवरचा माणूस, जहाजावर केबिनची देखभाल करणारा स्टुअर्ड. यातल्या कोणाशी पैशाचं आधी बोलायचं, कोणाला द्यायचेच नाहीत, आणि कुठली बॅग यांच्यापैकी एकाच्याही हातात द्यायची नाही, हे घरीच ठरवून टाका.

आधी दोन ढीग करा

पलंगावर सामान पसरलं की त्याचे सरळ दोन ढीग करायचे. एक संध्याकाळपर्यंत नजरेआड गेला तरी चालेल असा. दुसरा क्षणभरही सोडायचा नाही असा. पहिला मोठ्या बॅगेत, दुसरा पाठीवरच्या सॅकमध्ये किंवा खांद्याच्या पिशवीत.

सॅकमध्ये सगळ्यात आधी कागद: बोर्डिंग पास, ज्याच्या आधारे बुकिंग केलं ते मूळ ओळखपत्र, परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा. मुलांचे कागद त्यांच्या सॅकमध्ये नकोत, मोठ्यांपैकी एकाकडे एकत्र ठेवा. मग औषधं. पहिल्या दिवसापुरती नाही, सगळी, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. इन्सुलिन असेल तर ते थंड पिशवीत, तेही सॅकमध्येच. चष्म्याची दुसरी जोडी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कवळीची डबी या वस्तू आजी-आजोबा हमखास मोठ्या बॅगेत टाकतात, तिथून काढून घ्या. दागिने, रोकड, मोबाइल, चार्जर, पॉवर बँक. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या बॅगेत कधीच नकोत. तापल्या तर जवळ कोणीतरी असायला हवं.

आणि एक जोडी कपडे. मुंबईच्या उकाड्यात, त्यातून एप्रिल-मे असेल तर, घरून निघाल्यापासून केबिनपर्यंत अंगातला शर्ट दोनदा भिजून वाळलेला असतो. पोरं बरोबर असतील तर त्यांचे पोहण्याचे कपडे वरच ठेवा. तलाव दिसल्यावर “बॅग आली की मग” हे वाक्य कुठलंही मूल ऐकून घेत नाही.

आता मोठी बॅग. केबिन म्हणजे आपला हॉल नव्हे. पण पलंगाखाली बहुतेक वेळा रिकामी जागा असते आणि कपडे कपाटात लावून झाले की बॅग तिथे सरकवता येते. म्हणून दोघांत एक मध्यम बॅग हे माझं माप. दोन-तीन रात्रींच्या गोव्याच्या फेरीला त्याहून जास्त लागत नाही. लक्षद्वीपच्या पाच रात्रींना लागलीच तर अजून एक छोटी. बोटीवर वजन करत नाहीत असं कोणी सांगितलं म्हणून बॅग ठासून भरू नका. कंपनीची मर्यादा तिकिटाच्या अटींत लिहिलेली असते, ती वाचा. शिवाय जी बॅग तुम्हाला स्वतःला टॅक्सीच्या डिकीत उचलून ठेवता येत नाही ती दुसऱ्यानं पाच वेळा उचलावी ही अपेक्षाही बरी नाही. बाहेरचे कप्पे रिकामे ठेवा. कुलूप आकड्यांचं असेल तर उत्तम. किल्लीचं असेल तर किल्ली सॅकमध्ये. का ते पुढे येईल.

टॅग: कागदाचा तुकडा, पण त्यावरच सगळं

वेब चेक-इन झालं की लगेज टॅग मिळतात. ईमेलनं आले तर घरी छापा, टर्मिनलवर मिळणार असतील तर तिथे लावा. टॅगवर प्रवाशाचं नाव, जहाज, तारीख आणि केबिन नंबर असतो. जहाजात शिरल्यावर बॅग कुठल्या डेकवर म्हणजे मजल्यावर, कुठल्या बोळात आणि कुठल्या दारापाशी जाणार हे फक्त त्या नंबरावर ठरतं. तुमचं आडनाव वाचत कोणी बसत नाही.

घरी छापलेला टॅग साध्या कागदाचा असतो. तो खुणेच्या रेघांवर घडी घालून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, बॅगेच्या वरच्या मुठीभोवती वळवा आणि दोन-तीन ठिकाणी स्टेपल मारा. वर रुंद सेलोटेप. ओढायच्या दांड्याला बांधू नका. दांडा आत गेला की टॅग चिरडतो. मागच्या प्रवासाचे विमानाचे, एसटी पार्सलचे, हॉटेलचे सगळे जुने टॅग आणि स्टिकर आधी काढून टाका.

टॅग हरवला किंवा कमी पडला तर हातानं लिहायची वेळ येते. तेव्हा केबिन नंबर इंग्रजी आकड्यांत, मोठा आणि सुटा लिहा. देवनागरीतला १ आपल्याला १ दिसतो, जहाजावरच्या परदेशी खलाशाला तो ९ वाटू शकतो. नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली एक चिठ्ठी बॅगेच्या आतही वरच ठेवा.

ओळखीसाठी लाल रिबीन बांधायची पद्धत आहे. अडचण एवढीच की ती सगळ्यांचीच पद्धत आहे. काळी चाकांची बॅग आणि तिला लाल रिबीन, अशा कितीतरी बॅगा एका ओळीत उभ्या असतात. जुन्या साडीचा काठ, पोराच्या शाळेचा टाय, काहीही बांधा, फक्त लाल रिबीन नको. आणि निघताना टॅगसकट प्रत्येक बॅगेचा मोबाइलवर फोटो काढा. बॅग सापडेना झाली की “काळी, मध्यम, चाकांची” या वर्णनाचा काहीही उपयोग होत नाही, फोटोचा होतो.

फक्त जायचंच तिकीट काढून गोव्यात उतरणार असाल तर वेब चेक-इन करताना उतरण्याचं बंदर मुरगाव दाखवलंय ना, हे तपासा. फेरी पूर्ण करणाऱ्यांच्या आणि गोव्यात उतरणाऱ्यांच्या सामानाची व्यवस्था वेगळी असते.

काय अडकतं

जहाजावर सर्वांत मोठी भीती आगीची. अग्निशमन दलाची गाडी समुद्रात येत नाही, त्यामुळे गरम होणारी आणि पेट घेणारी कुठलीही वस्तू जहाजवाल्यांना नको असते. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड, छोटा इलेक्ट्रिक कुकर, मेणबत्त्या, उदबत्ती, कापूर. मग धारदार वस्तू: सुरी, मोठी कात्री, विळी, अडकित्ता. दारू बहुतेक कंपन्या बाहेरून आणू देत नाहीत. बाहेरच्या खाण्याबाबत प्रत्येकीचे नियम निराळे असतात. घरचे डबे साधारण नाही, सीलबंद कोरडा खाऊ कधी हो कधी नाही, तान्ह्या बाळाचं खाणं मात्र चालतं. यादी कंपनीच्या संकेतस्थळावर असते आणि शेवटचा शब्द त्यांचाच. विमानातला १०० मिलिलिटरचा नियम इथे नसतो, त्यामुळे खोबरेल तेलाची मोठी बाटली निर्धास्त न्या. फक्त झाकणावर टेप मारा.

आमच्या एका फेरीत शेजारच्या आजींची बॅग संध्याकाळ झाली तरी आली नाही. रिसेप्शनवर विचारलं तर सुरक्षा कक्षात बोलावलं. तिथे टेबलावर ती बॅग, आणि एक्स-रेच्या चित्रात मधोमध एक घट्ट काळा गोळा. आजींनी बॅग उघडली, नऊवारीची घडी बाजूला केली, आत फडक्यात बांधलेला पितळी बाळकृष्ण. त्याच्याखाली निरांजन, फुलवातींची डबी, कापराची डबी, काडेपेटी, आणि एका जुन्या मोज्यात गुंडाळलेला अडकित्ता. रक्षकानं एकेक वस्तू बाजूला मांडली. बाळकृष्ण आणि निरांजन परत दिलं. कापूर, काडेपेटी आणि अडकित्ता पाकिटात घालून पावती केली, उतरताना परत मिळेल म्हणाला. आजी म्हणाल्या, “अहो, मग सुपारी काय दातानं फोडू?” त्याला मराठी येत नव्हतं, तरी तो हसला.

सांगायचा मुद्दा, अडकलेली बॅग हरवलेली नसते. ती तुमच्यासमोर उघडावी म्हणून बाजूला ठेवलेली असते. किल्ली सॅकमध्ये ठेवायची ती यासाठी. देवपूजा रोजची असेल तर मूर्ती न्या, पण ज्योत घरीच ठेवा. बॅटरीवरचा दिवा चालतो.

स्टेशनवरचा हमाल

पुण्याहून डेक्कन क्वीन सकाळी साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येते. कोकणकन्या पहाटे, महालक्ष्मी सकाळी. जहाजावर प्रवेश साधारणतः दुपारी सुरू होतो, म्हणजे वेळ जुळते. पण सकाळच्या त्या वेळी सीएसएमटीवर लोकलची गर्दी असते, आणि चार बॅगा ओढत मुख्य इमारतीच्या दारातून बाहेर पडणं म्हणजे जत्रेत उलट्या दिशेनं चालणं. त्यापेक्षा अठरा नंबर फलाटाच्या बाजूनं पी. डिमेलो रस्त्याकडे बाहेर पडा. आपलं क्रूझ टर्मिनल जिथे आहे तो बॅलार्ड पिअर धक्का त्याच बाजूला आहे, तिथून दीड-दोन किलोमीटर.

हमाल हवा असेल तर लाल सदरा आणि दंडावरचा पितळी बिल्ला पाहून घ्या. बिल्ल्यावरचा नंबर एकदा मोठ्यानं वाचा, निदान मनात ठेवा. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना ‘सहायक’ म्हणायचं ठरलं, पण फलाटावर कोणी तशी हाक मारत नाही. दादा म्हणा, मामा म्हणा. बॅगेला हात लागण्याआधी बोलून घ्यायचं, आणि तीन गोष्टी एका दमात सांगायच्या: “दादा, चार डाग. अठराच्या बाजूनं बाहेर, टॅक्सीच्या डिकीत ठेवायचे. किती घेणार?” नुसतं “बाहेर सोडा” म्हणालात तर बाहेर म्हणजे फलाटाचं तोंड, स्टेशनचं दार की टॅक्सी, यावरून शेवटी हुज्जत होते. स्टेशनवर दरफलक असतो. त्यावरचा दर वाचून मग बोलणं सोपं जातं. थोडंफार जास्त द्यावं लागलं तरी चार डाग एका खेपेत डोक्या-खांद्यावरून नेणाऱ्या माणसाशी दहा रुपयांवरून ताणू नये असं मला वाटतं. महाराष्ट्रात बाजारपेठांतल्या माथाडी-हमालांसाठी १९६९ साली कायदा झाला, त्यात मजुरी ठरवणारी मंडळं आली, भविष्य निर्वाह निधी आला. फलाटावरच्या हमालाची कमाई मात्र अजूनही खेप मिळाली तरच.

त्याच्या मागोमाग चाला, त्याच्या वेगानं. सॅक त्याला देऊ नका, तो कितीही आग्रहानं म्हणाला तरी. बॅगा डिकीत मोजून झाल्या की पैसे. सुटे आधीच वेगळे काढून ठेवा; स्टेशनबाहेर उभं राहून पाकिटातली पाचशेची नोट शोधणं हा काही चांगला कार्यक्रम नाही.

आई-वडिलांना चालायला जड जात असेल तर व्हीलचेअरचं स्टेशनवर वेगळं बोलावं लागतं, आणि टर्मिनलवर हवी असेल तर क्रूझ कंपनीला बुकिंगच्या वेळी कळवावं लागतं. आयत्या वेळी मिळतेच असं नाही. गाडी पहाटे पोहोचत असेल तर क्लोक रूममध्ये सामान ठेवून चहा-नाश्ता करून या. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं.

टॅक्सी आणि रंगीत दरवाजे

उपनगरातल्यांसाठी एक: रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे शहरात येत नाही. त्यामुळे डोंबिवली किंवा बोरिवलीहून थेट यायचं तर टॅक्सीच. विमानतळावरून येणाऱ्यांना आता मेट्रो ३ आहे, सीएसएमटीला उतरता येतं. पण पुढचा टप्पा टॅक्सीचाच, आणि दोन मोठ्या बॅगांपेक्षा जास्त सामान असेल तर मेट्रोचा हट्ट सोडा.

मुंबईतल्या बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. ॲपवर गाडी सेदान दिसते, डिकी उघडली की निम्मी जागा टाकीनं खाल्लेली. चार माणसं आणि चार बॅगा असतील तर सरळ मोठी गाडी मागवा. काळी-पिवळी केली आणि टपावर कॅरिअर असलं तर बॅगा आडव्या ठेवून दोरीनं बांधायला लावा, टॅगचं तोंड खाली करून.

आता पत्ता. “बोटीला जायचंय” एवढंच सांगितलंत तर जुना टॅक्सीवाला तुम्हाला बिनचूक भाऊच्या धक्क्याला नेईल, कारण मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) आणि रेवसच्या लाँचा तिथून सुटतात. क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, बॅलार्ड इस्टेटला लागून. त्यात या बंदराच्या दरवाज्यांना रंगांची नावं आहेत: ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. क्रूझवाल्यांच्या तोंडी वर्षानुवर्षं ग्रीन गेट आहे. ऑरेंज गेट म्हणजे ईस्टर्न फ्रीवे जिथे उतरतो ते, म्हणजे बरंच अलीकडे. तिथे बॅगा उतरवून बसलात तर पुन्हा टॅक्सी शोधा. तुमच्या बोर्डिंग पासवर जो गेट लिहिला असेल तोच ड्रायव्हरला वाचून दाखवा.

एके काळी इथे हा प्रश्नच नव्हता. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल ही आगगाडी बोटींच्या मोसमात बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनातून सुटायची. विलायतेहून आलेला साहेब आणि त्याच्या ट्रंका बोटीतून उतरून थेट डब्यात. ते स्टेशन गेलं, आपल्या नशिबी टॅक्सी आली.

गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. तिकीट आणि ओळखपत्र सगळ्यांचं बघतात, म्हणून सॅक मांडीवर ठेवा, डिकीत नको. सोडायला आलेल्या मामा-मावशींचा निरोप गेटबाहेरच घ्या. त्यांना आत सोडत नाहीत. फुटपाथवर कोणी “साहेब, बॅगा आतपर्यंत पोचवतो” म्हणाला तर नको म्हणा. बंदराच्या हद्दीत परवान्याशिवाय कोणालाच प्रवेश नसतो, मग तो आतपर्यंत पोचवणार कसा?

टर्मिनलच्या दारात

मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर, एका वेळी पाच जहाजं, वर्षाला दहा लाख प्रवासी असा त्याचा आवाका आहे. काउंटर वाढल्यानं माणसांची रांग भराभर सरकते. बॅगांची सरकत नाही. बॅगा एक्स-रे मशीनमधून एकेक करूनच जातात, मग डेकप्रमाणे पिंजऱ्याच्या ट्रॉल्यांत लागतात, मग जहाजाच्या बाजूच्या दारातून आत आणि सामानाच्या लिफ्टनं वर. तुम्ही वीस मिनिटांत आत गेलात म्हणून बॅगही तशीच गेली असं समजू नका.

दाराशी गणवेशातले लोडर असतात. ते कंपनीनं किंवा तिच्या कंत्राटदारानं नेमलेले असतात आणि त्यांच्या कामाचे पैसे तुमच्या तिकिटात आलेले असतात. इथे दर ठरवायचा प्रश्न नाही. कोणी मागितले तर शांतपणे नाही म्हणता येतं. खुशीनं द्यायचे असतील तर डागामागे वीस-पन्नास रुपये, तेही त्यानं खरोखर मदत केली असेल तर: आजोबांना खुर्ची आणून दिली, सुटलेला टॅग नीट लावून दिला. पैसे दिल्यानं बॅग लवकर येते हा समज मात्र सोडा. एक्स-रेच्या पुढे त्याचा हात पोहोचत नाही.

बॅग सोडताना चार गोष्टी तिथल्या तिथे उरका. टॅगवरचा केबिन नंबर बोर्डिंग पासशी ताडून पाहा. मोठ्या बॅगेवर ठेवलेल्या छोट्या पिशव्या, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या काढून घ्या, कारण टॅग नसलेली वस्तू कोणाचीच नसते. बॅगा मोजा आणि आकडा मोठ्यानं सांगा, घरातल्या दोघांनी तरी ऐकायला हवा. आणि बॅग ठरलेल्या जागी ठेवलेली बघूनच पाठ फिरवा. पावती मिळत असेल तर घ्या, मोबाइलवर तिचा फोटो.

एक छोटी बॅगच असेल तर ती लोडरला देऊच नका. चाकांची छोटी बॅग बरोबर नेता येते, संध्याकाळची वाट बघावी लागत नाही. दोन रात्रींच्या फेरीला मी हेच सुचवते. फक्त पुढे गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजात चढायची उतरती वाट, आहे हे लक्षात ठेवा. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त खालीवर होते, जहाज त्याबरोबर वर-खाली होतं आणि गँगवेचा चढ बदलतो. ओहोटीला सोपा वाटलेला चढ भरतीला चांगलाच उभा होऊ शकतो. एका हातात बॅग आणि दुसरा हात कठड्याला, मोबाइल खिशात. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी छोटी बॅगही देऊन टाकलेली बरी.

केबिनमध्ये बॅग येईपर्यंत

दुपारी केबिन लगेच उघडत नाही, त्यामुळे सॅक पाठीवर घेऊनच जेवावं लागतं. म्हणून सॅकही हलकी हवी. ढीग करताना मी सगळं सॅकमध्ये कोंबायला सांगितलं असं वाटलं असेल तर तसं नाही. पुस्तकं, मेकअपची पेटी, जादा चपला मोठ्या बॅगेतच.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलून ती सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यायची असं ठरलं. “माझी बॅग यायचीय, मी दारात थांबतो” ही सबब तिथे चालत नाही. बॅग आलीच तर दाराशी राहू द्या, तिला कोणी हात लावत नाही.

रात्रीच्या जेवणापर्यंतही आली नाही तर आधी आपल्या बोळात दोन्ही बाजूंना फिरून या. ६ आणि ८ च्या गोंधळात बॅग चार दारं पलीकडे उभी असते. मग स्टुअर्डला सांगा, फोटो दाखवा. मग रिसेप्शन, आणि तिथून बहुधा आजींसारखं सुरक्षा कक्षात. या क्रमानं गेलात तर बहुतेक बॅगा त्याच रात्री मिळतात.

उतरताना

दोन-तीन रात्रींच्या फेऱ्यांत बऱ्याचदा आपली बॅग आपणच घेऊन उतरायची असते. लांबच्या फेरीत शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये रंगीत टॅग मिळतात. ते लावून बॅग रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत दाराबाहेर ठेवायची, ती सकाळी टर्मिनलमध्ये त्या रंगाच्या विभागात मिळते. चढतानाचा जुना टॅग काढा. सकाळचे कपडे, चपला, औषधं, ब्रश, पासपोर्ट मागे ठेवून मगच चेन लावा. दरवेळी कोणीतरी एक काका रात्री सगळं भरून मोकळे होतात आणि सकाळी लेंग्यावर नाश्त्याला येतात. सुरक्षा कक्षात काही जमा असेल तर पावती घेऊन आदल्या दिवशीच जागा आणि वेळ विचारून ठेवा.

परदेशी बंदर करून आलात तर बॅग घेतल्यावर कस्टम्स असतं. खरेदीच्या पावत्या सॅकमध्ये ठेवा.

लेक-जावयाकडे अमेरिकेत जाऊन तिथून अलास्का किंवा कॅरिबियन करणाऱ्यांसाठी एवढंच: तिथल्या बंदरांवर बॅगा घेणारे पोर्टर बहुधा गोदी कामगार संघटनेचे असतात आणि बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यायची रीत आहे. सुट्या नोटा जवळ ठेवा. सिंगापूरला टीप द्यायची रीत नाही, तिथे हसून आभार मानले की झालं.

मुंबईत परतल्यावर ढिगातून बॅग उचलताना रंग बघून उचलू नका, टॅग वाचा. तशीच बॅग दुसऱ्याची असते. चाक तुटलेलं, मूठ उखडलेली, चेन फाटलेली दिसली तर टर्मिनलमध्ये असतानाच काउंटरवर लेखी द्या, फोटो जोडा, पोच घ्या. गेटबाहेर गेल्यावर नुकसान बोटीवर झालं की टॅक्सीत, हे कोणी मान्य करत नाही. सगळ्या बॅगा ताब्यात येईपर्यंत ॲपची गाडी मागवू नका, त्या वेळी शेकडो माणसं एकदम बाहेर पडतात आणि तुमची बॅग चौथ्या ट्रॉलीत असते, ड्रायव्हर मात्र दोन मिनिटांत फोन करून विचारतो, “मॅडम, येताय की कॅन्सल करू?”